मुंबईच्या वाहनांचें इंधन

मुंबई शहराच्या रस्त्यांवरून गेल्या दीडशें वर्षांत जीं सार्वजनिक वाहनें धावलीं, त्यांची शक्ति एकाच ठिकाणाहून आलेली नाहीं. प्रथम घोड्याचा दाणा आणि गवत, मग वीज, त्यानंतर तेल, पुढें समुद्राच्या तळांतून आलेला नैसर्गिक वायु आणि आतां पुनः वीज, असा हा क्रम आहे. आज आवाज न करितां जाणारी विजेची बस पाहून पुष्कळांस असें वाटतें, कीं असें कांहीं या शहरांत पूर्वीं कधींच घडलें नव्हतें. वस्तुस्थिति निराळी आहे. विजेनें चालणारें वाहन मुंबईंत १९०७ सालींच आलें होतें. तें सत्तावन्न वर्षें राहिलें, आणि मग शहरानें तें आपल्याच हातांनीं मोडून टाकलें. हें सारें वृत्त नीट पाहिलें असतां दोन गोष्टी ठळकपणें दिसतात. धंदेवाल्यानें इंधन बदललें तें बहुधा हिशेबाची वही पाहून, किंवा कायद्याचा बडगा पाहून. आणि रस्त्यावरून जो भार नाहींसा झाला, तो दर वेळीं दुसऱ्या कोणाच्या तरी दारांत जाऊन पडला.

प्रारंभ घोड्यापासून करावा लागतो. १८७३ सालीं बाँबे ट्रॅमवे कंपनी स्थापन झाली, आणि ९ मे १८७४ रोजीं कुलाब्यापासून पायधुणीपर्यंत घोड्यांची ट्राम सुरू झाली. भाडें तीन आणे होतें. लोखंडी रुळावरून चाक हलकें फिरतें, म्हणून उतारूंनीं भरलेला डबा ओढण्यास एक किंवा दोन घोडे पुरत. परंतु घोडा हें असें यंत्र आहे, कीं तें काम करो वा न करो, त्यास खावयास घालावेंच लागतें. उन्हाच्या तापांत तो दिवसांतून थोडेच तास ओढूं शकतो, म्हणून एकेका डब्यामागें अनेक घोडे राखावे लागत. कंपनीच्या तबेल्यांतील घोड्यांची संख्या वाढत वाढत हजाराच्या आसपास गेली. त्यांच्याबरोबर मोतद्दार आले, नालबंद आले, गवताचे भारे आले, आणि रोजच्या रोज उचलावयाची लीदही आली. उतारूंची संख्या वाढली कीं घोडे वाढवावे, आणि घोडे वाढले कीं खर्च वाढावा, अशा या व्यवहारांत नफा वाढण्यास जागा नव्हती. शतक सरतां सरतां कंपनीची दृष्टि विजेकडे वळली, ती घोड्यांच्या दयेनें नव्हे, तर या हिशेबामुळें.

१९०५ सालीं महापालिका, जुनी ट्राम कंपनी आणि इंग्लंडमधील वीजधंद्यांतील एक संस्था यांच्यांत करार झाला, आणि बाँबे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रॅमवेज कंपनी उदयास आली. हीच पुढें ‘बेस्ट’ या नांवानें घरोघरीं माहीत झाली. शहराला वीज पुरवावी आणि त्याच विजेवर ट्राम चालवावी, अशी दुहेरी सनद तिला मिळाली. ही सनद फार महत्त्वाची होती. विजेच्या वाहतुकींत आरंभींचें भांडवल फार मोठें लागतें: तारा, खांब, वीजघर, नवे डबे. पुढचा रोजचा खर्च मात्र थोडा असतो. इतकें भांडवल आधीं ओतणारास तें परत मिळण्याची निश्चिति हवी. ती मक्त्यानें दिली. ७ मे १९०७ रोजीं विजेची पहिली ट्राम महापालिकेच्या इमारतीपासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत गेली.

रस्त्यावरची लीद कमी झाली, घोड्यांचे हाल संपले, गाडीचा वेग वाढला. परंतु ही वीज येत होती कोठून? वाडी बंदर येथें वाफेवर चालणारें वीजघर होतें, आणि वाफेला कोळसा लागे. ट्राम स्वतः धूर ओकत नव्हती हें खरें, पण तिच्या वाटणीचा धूर बंदराजवळच्या धुराड्यांतून निघत होता. मुंबईच्या इंधनपालटांतील हा पहिला धडा होय. धूर संपला नव्हता. त्यानें जागा बदलली होती.

या कोळशाचीच अडचण मुंबईच्या गिरण्यांना आणि रेल्वेला होती. कोळशाच्या मोठ्या खाणी होत्या बंगाल-बिहारांत. तेथून मुंबईपर्यंत तो आणण्याचा खर्च जबर पडे. उलट शहरापासून थोड्याच अंतरावर सह्याद्रीच्या माथ्यावर पावसाळ्यांत अपार पाणी पडतें, आणि तें कोंकणांत उतरतांना दीड हजार फुटांहून अधिक खालीं येतें. या उतरत्या पाण्यापासून वीज काढावी, ही कल्पना जमशेटजी टाटा यांच्या मनांत होती. ते १९०४ सालीं निवर्तले. त्यांच्या मागून १९१० सालीं टाटांची जलविद्युत् कंपनी स्थापन झाली, लोणावळ्याच्या परिसरांत धरणें बांधलीं गेलीं, आणि १९१५ सालीं खोपोलीचें वीजघर चालू झालें. गिरण्यांनीं वाफेचीं इंजिनें काढून विजेच्या मोटारी बसविण्यास आरंभ केला. बेस्टही पुढील वर्षापासून ही वीज विकत घेऊं लागली, आणि १९२५ पर्यंत तिनें स्वतः वीज निर्माण करणें सोडून दिलें. आतां ट्रामला खरोखरच कोळशाचा स्पर्श उरला नाहीं.

रेल्वेनेंही हाच मार्ग धरिला. जी. आय. पी. रेल्वेपुढें दोन संकटें होतीं. एक, उपनगरांतून रोज येणाऱ्या चाकरमान्यांची गर्दी. वाफेचें इंजिन जड असतें; तें थांबून पुनः वेग घेण्यास वेळ घेतें, आणि पावलोपावलीं स्टेशनें असलेल्या मार्गावर हा वेळ साचत जातो. दुसरें, बोरघाट आणि थळघाट यांची उभी चढण, जेथें गाडी वर चढविण्यास जादा इंजिनें जोडावीं लागत. दोन्ही दुखण्यांवर वीज हें औषध होतें. ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या मार्गावर हिंदुस्थानांतील पहिली विजेची आगगाडी धावली. १९२८ सालीं बी. बी. अँड सी. आय. रेल्वेनें बोरीवलीपर्यंत विजेच्या गाड्या सुरू केल्या. पुढें तारा घाट चढून पुण्यास पोंचल्या, आणि १ जून १९३० रोजीं ‘डेक्कन क्वीन’ सुरू झाली. घाटांतील बोगद्यांतून जातांना डोळ्यांत कोळशाची कणी जाण्याचा काळ त्या मार्गापुरता मागें पडला. मात्र येथेंही धूर सर्वस्वीं गेला असें नव्हे. रेल्वेनें कल्याणजवळ ठाकुर्ली येथें स्वतःचें वीजघर उभारिलें, आणि तें कोळशावर चालत असे.

परंतु धुराहून जड अशी दुसरी किंमत या स्वच्छ विजेनें घेतली होती, आणि ती मावळांत घेतली होती. लोणावळ्याच्या योजनेपाठोपाठ पुणें जिल्ह्यांत मुळशी पेट्यांत निळा व मुळा या नद्यांच्या संगमाशीं आणखी एक मोठें धरण बांधण्याचें ठरलें. तेथील पाणी भिरा येथें कोंकणांत सोडून मुंबईच्या गिरण्या आणि रेल्वे यांस वीज पुरवावयाची होती. या धरणाखालीं पन्नासाच्या आसपास गांवें पूर्णतः किंवा अंशतः जाणार होतीं. तीं भाताच्या उत्तम खाचरांचीं गांवें होतीं. मावळ्यांस न विचारतां त्यांच्या शेतांत खणण्यास सुरुवात झाली, आणि पुढें सरकारनें भूमिसंपादनाचा कायदा एका खाजगी कंपनीच्या साह्यार्थ वापरला.

१६ एप्रिल १९२१, रामनवमी, या दिवशीं मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट हे त्याचे पुढारी होते. याच लढ्यानें बापटांस ‘सेनापति’ ही पदवी लोकांकडून मिळाली. धरणाविरुद्ध शेतकऱ्यांनीं संघटितपणें दिलेल्या लढ्यांत जगांतील अगदीं आरंभींचा असा हा लढा गणला जातो. मुळशींत हितसंबंध एकरूप नव्हते. ज्या सावकारांकडे जमिनी गहाण किंवा मालकीच्या होत्या, त्यांस रोख मोबदल्यांत फारसें वावगें वाटलें नाहीं. जो कुळवाडी त्या जमिनीवर राबत होता, त्यास पैशानें दुसरें खाचर मिळणार नव्हतें. लढा तीन वर्षें चालला आणि विझला. शेवटीं बापटांनीं धरणाच्या कामाची आगगाडी अडविली, आणि त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. १९२७ सालीं भिऱ्याचें वीजघर चालू झालें. मुंबईचा उतारू स्वच्छ गाडींत बसून कचेरीस जाऊं लागला. त्याच्या पायांखालच्या चाकाला फिरविणारें पाणी कोणाच्या देवळांवर आणि ओसऱ्यांवर उभें आहे, हें तिकिटावर छापलेलें नव्हतें.

इतकी किंमत देऊन आणलेली वीज शहरानें जपून ठेवली असती, असें कोणासही वाटेल. रेल्वेनें ती जपली. रस्त्यानें जपली नाहीं. १५ जुलै १९२६ रोजीं अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस सुरू झाली. बसला रूळ नको, तार नको; आज या रस्त्यानें, उद्यां त्या रस्त्यानें, अशी ती कोठेंही नेतां येई. ७ ऑगस्ट १९४७ रोजीं बेस्ट महापालिकेच्या मालकीची झाली तेव्हां ट्राम थकलेली होती. रूळ झिजले होते, मोटारींची गर्दी वाढली होती, आणि रस्त्याच्या मधोमध चालणारी ट्राम ही अडचण वाटूं लागली होती. डिझेल स्वस्त होतें. ३१ मार्च १९६४ च्या रात्रीं बोरीबंदर ते दादर या मार्गावर शेवटची ट्राम धावली. वरच्या तारेतून वीज घेणाऱ्या, परंतु रबरी चाकांच्या ट्रॉलीबसचा प्रयोग १९६२ सालीं सुरू झाला होता. तोही १९७१ सालीं आवरता घेण्यांत आला. स्वच्छ इंधनाकडे जाण्याची वाट एकाच दिशेची नसते, हा या प्रकरणाचा दुसरा धडा होय. हिशेब फिरला कीं धंदा फिरतो.

मग सुमारें तीस वर्षें मुंबईच्या रस्त्यावर डिझेल आणि पेट्रोल यांचें निर्वेध राज्य होतें. मौजेची गोष्ट अशी, कीं याच काळांत पर्यायी इंधन शहरासमोरच्या समुद्रांत सांपडलें होतें. १९७४ सालीं ‘सागर सम्राट’ या तरत्या यंत्रनौकेनें बाँबे हाय येथें तेलाचा शोध लावला, आणि १९७६ पासून उत्पादन सुरू झालें. तेलाबरोबर नैसर्गिक वायूही वर येई. तो वाहून नेण्याची व साठविण्याची सोय पुरेशी होईपर्यंत त्यांतील पुष्कळ भाग समुद्रावरच जाळून टाकला जाई. म्हणजे किनाऱ्यावर शहर डिझेलच्या धुरानें खोकत होतें, आणि क्षितिजापलीकडे निर्धूर इंधनाची मशाल फुकट जळत होती. इंधन असणें निराळें, आणि तें गाडीच्या टाकीपर्यंत पोंचविणारी नळी असणें निराळें.

१९९५ सालीं महानगर गॅस ही कंपनी स्थापन झाली आणि शहरांत नळ्यांचें जाळें पसरूं लागलें. तरीही टॅक्सीवाला आपण होऊन वळला नाहीं. नवी टाकी आणि तिचें साहित्य बसविण्याचा खर्च त्याच्या खिशास झेपणारा नव्हता, पंप मोजके होते, आणि त्यांपुढें लांब रांगा लागत. रांगेंतला तास म्हणजे बुडालेलें भाडें. अखेर धक्का न्यायालयांतून बसला. धुरानें त्रस्त झालेल्या रहिवाशांनीं मुंबई उच्च न्यायालयांत १९९९ सालीं अर्ज दाखल केला. त्या प्रकरणीं झालेल्या आदेशांमुळें जुन्या टॅक्सी व रिक्षा यांना एक तर स्वच्छ इंधनावर वळणें किंवा रस्ता सोडणें भाग पडलें. एकदां वळल्यावर मात्र टॅक्सीवाल्यास कळून चुकलें, कीं दाबाखालील वायूवर त्याचा मैलामागें येणारा खर्च पेट्रोलपेक्षां उतरतो. वायूची टाकी डिकींत बसली आणि उतारूचें सामान टपावरच्या जाळींत गेलें. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या डोक्यावर दिसणाऱ्या लोखंडी जाळीचें प्रयोजन हेंच. कायद्यानें दार उघडलें, वहीनें आंत ओढून घेतलें. बेस्टनेंही आपल्या ताफ्यांत वायूवरील बसगाड्या आणल्या.

आतां वीज परत आली आहे, पण ती तारेवाटे नव्हे. ती बॅटरींत बसून आली आहे. २०१७ सालीं बेस्टनें विजेच्या पहिल्या मोजक्या बसगाड्या रस्त्यावर आणल्या. फेब्रुवारी २०२३ मध्यें विजेची वातानुकूलित दुमजली बस उतारूंच्या सेवेंत आली, आणि त्याच वर्षीं १५ सप्टेंबरला जुनी डिझेलची दुमजली बस निरोप घेऊन गेली. राज्य सरकारनें २०१८, २०२१ आणि २०२५ या वर्षीं विजेच्या वाहनांविषयीं धोरणें जाहीर करून करांत सवलती दिल्या. घरपोंच माल पोंचविणाऱ्या कंपन्यांच्या विजेच्या तीनचाकी गाड्या आतां गल्लोगल्लीं दिसतात.

या साऱ्यांत जुनीच संगति आहे. ट्राम, उपनगरी गाडी, शहराची बस आणि माल पोंचविणारी तीनचाकी, या चौघींचें काम सारखें आहे: ठरलेला मार्ग, पावलोपावलीं थांबा, आणि रात्रीं ठराविक आगारांत मुक्काम. जेथें वारंवार थांबावें लागतें, तेथें तेलाचें इंजिन उभें राहूनही जळत राहतें. विजेची मोटार थांबली कीं खर्च थांबतो, आणि ब्रेक लावतांना वेगांतील कांहीं शक्ति ती पुनः बॅटरींत भरते. म्हणून वीज नेहमीं याच धंद्यांत आधीं शिरते. शेंकडों मैल माल नेणारा ट्रक मागें राहतो, कारण त्याचा मार्ग लांब असतो आणि बॅटरीचें ओझें जड. भांडवलाचा प्रश्नही जुनाच आहे. गाडी महाग, चालविणें स्वस्त. १९०५ मध्यें हा पेच मक्त्यानें सुटला. आज बेस्टनें भाडेपट्टीचा मार्ग धरिला आहे. गाडी खाजगी कंपनीची, चालकही तिचाच, आणि बेस्ट दर किलोमीटरामागें ठरलेला दर देते. या व्यवस्थेंत भांडवल जमलें, पण वेतनाची ओढाताण चालकाच्या वांट्यास आली. २०२३ च्या ऑगस्टमध्यें कंत्राटी बसचालकांनीं पगारवाढीसाठीं संप केला, तेव्हां शहरास ही गोष्ट कळली. घोडे गेले तेव्हां मोतद्दारांचें काय झालें, हें कोणीं लिहून ठेवलेलें फारसें आढळत नाहीं. चालकांच्या बाबतींत तसें होऊं नये.

आणि शेवटीं तोच पहिला प्रश्न: वीज येते कोठून? खोपोली, भिवपुरी व भिरा येथील वीजघरें अजून चालतात, पण आजच्या मुंबईच्या भुकेपुढें तीं अपुरीं आहेत. शहरास मिळणाऱ्या विजेंत ट्रॉम्बे आणि डहाणू येथील कोळशाच्या विजेचा मोठा वांटा राहिला आहे. सूर्यापासून मिळणारी वीज वाढत आहे, परंतु बसगाड्या आगारांत भरावयास लागतात त्या बहुधा रात्रीं. बॅटरींतील लिथियम, निकेल, कोबाल्ट हीं खनिजें ऑस्ट्रेलिया, चिली, इंडोनेशिया, काँगो येथील भूमींतून निघतात. तेथेंही कोणाचीं तरी खाचरें असतील.

यावरून विजेचें वाहन हें निव्वळ सोंग आहे, असा निष्कर्ष काढणें मात्र चुकीचें होईल. हजारों गाड्यांच्या मागील नळ्यांतून माणसाच्या नाकासमोर निघणारा धूर आवरणें कठीण. एका धुराड्याचा धूर आवरणें त्या मानानें सोपें, पण त्यासाठीं कोणी तरी आग्रह धरावा लागतो. डहाणूचें उदाहरण बोलकें आहे. चिकूच्या बागांच्या त्या तालुक्यांत १९९५ च्या सुमारास कोळशाचें वीजघर चालू झालें. लोक न्यायालयांत गेले. १९९६ मध्यें सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून तालुक्याच्या रक्षणासाठीं एक प्राधिकरण नेमलें गेलें, आणि न्यायमूर्ति चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष झाले. त्या प्राधिकरणानें धुरांतील गंधकाचा वायु धुऊन काढणारें यंत्र बसविण्याचा सतत तगादा लाविला, आणि २००७ सालीं तें यंत्र बसलें. मुळशीच्या कुळवाड्याचें म्हणणें ऐकण्यास असें कोणतेंही आसन नव्हतें. डहाणूच्या बागाइतदारास तें मिळालें. ऐंशी-नव्वद वर्षांतील खरी प्रगति मोजावयाची तर ती यंत्रापेक्षां या फरकांत अधिक आहे.

मुंबईनें इंधन अनेकदां बदललें आणि पुढेंही बदलील. व्यापारी माणूस वही पाहील, तें त्याचें काम आहे. सरकार सवलती देईल आणि न्यायालयें मुदती घालतील. परंतु वहींत सहसा एक रकाना कोराच राहतो: हा भार आतां कोणाकडे गेला? १९२१ सालीं तो रकाना मावळ्यांनीं आपल्या देहानें भरूं पाहिला, आणि तो पुसला गेला. विजेच्या नव्या गाड्यांचा हिशेब मांडतांना तो आधींच भरला जाईल, तर मुंबईच्या स्वच्छ हवेचें मोल दुसऱ्या एखाद्या मुळशीस द्यावें लागणार नाहीं.